कुणाची हरकत

बिंदुमाधव टेंबे यांचं नाव शेजारच्या देवावरून ठेवलेलं होतं. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं भाड्याचं घर, आणि तिथून हाकेच्या अंतरावर बिंदुमाधवाचं देऊळ. गल्लीतले लोक त्यांना बिंदू बाबू म्हणत. खालच्या मजल्यावर आम्ही राहत होतो, म्हणून आम्हा भावंडांचे ते बिंदुकाका.

टेंब्यांच्या चार पिढ्या काशीत व्याकरण शिकवत आल्या. बिंदुकाकांचे वडील ढुंढिराजशास्त्री, ज्यांना घरात नाना म्हणत, तेही एका पाठशाळेत आयुष्यभर तेच शिकवत होते. बिंदुकाका एकटे दगडांकडे गेले. नागपूरला खाणींचा डिप्लोमा केला, तिकडेच मँगनीजच्या खाणींवर तीनेक वर्षं काढली आणि मग उत्तर प्रदेशच्या खनिज खात्यात सर्वेक्षक म्हणून लागले. नेमणूक मिर्झापूरला. सोमवारी पहाटे जायचे, शनिवारी संध्याकाळी यायचे. चपलांना कायम गुलाबी धूळ असे. चुनारकडच्या दगडाची ती धूळ धुतली तरी शिवणीत राहते. नाना म्हणत, "आमचा मुलगा पाषाणसूक्त म्हणतो."

त्यांच्या नोकरीतली एक चूक खात्यात बरीच वर्षं सांगितली जायची. ती समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

डोंगराचा एखादा तुकडा दगड काढण्यासाठी कुणाला द्यायचा, म्हणजे खाणपट्टा द्यायचा, तर आधी गावात जाऊन ते जाहीर वाचून दाखवायचं आणि गावकऱ्यांचा विरोध आहे का विचारायचं, अशी त्यांच्याकडे रीत होती. विरोधाला सरकारी हिंदीत शब्द होता 'आपत्ति'. बिंदुकाकांचा जन्म काशीतला, हिंदी त्यांना मराठीइतकीच येई. पण घरी आपत्ती म्हणजे पूर, भूकंप, घरातलं मरण. शिवाय नागपूरकडच्या तीन वर्षांत कान 'हरकती व सूचना' या शब्दांना सरावलेले. अहरौऱ्याच्या पुढच्या एका गावात त्यांची पहिलीच सुनावणी होती. कागद वाचून झाला आणि तोंडातून आलं, "किसी की कोई हरकत?"

 सगळा जमाव हसायला लागला. कारण हिंदीत हरकत म्हणजे उपद्व्याप, आगळीक. एक म्हातारा चिलीम बाजूला ठेवून म्हणाला, "हरकत त बहुतन क हौ, साहब. केकर-केकर बताईं?"

उपद्व्याप तर पुष्कळांचे आहेत, कुणाकुणाचे सांगू.

बिंदुकाका चूक दुरुस्त करणार होते, पण तोवर लोक बोलायला लागले होते. ठेकेदाराचा भाचा शाळा सुटायच्या वेळेलाच सुरुंग लावतो. राडारोडा गाडीवाटेवर टाकतात, त्यामुळे बैल अडतात. विहिरीच्या कडेला ट्रक धुतात. बिंदुकाका ऐकत राहिले. नंतर ते सांगत की 'आपत्ति' विचारली असती तर एकही जण उठला नसता. साहेबासमोर उभं राहून नाही म्हणायचं, ही ज्याच्या त्याच्या छातीतली गोष्ट नाही. पण कुणी काय आगळीक केली हे तर माणूस चहाच्या टपरीवर रोज सांगतोच.

त्यानंतर ते ती चूक मुद्दाम करू लागले. ऑफिसात त्यांचं नाव 'हरकत बाबू' पडलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

पंचाण्णव साली त्यांना मोझांबिकहून बोलावणं आलं. तिथे पंधरा-सोळा वर्षं आपसात युद्ध चाललं होतं, ते संपून तीनेक वर्षं झाली होती. खाणी बंद पडल्या होत्या, कचेऱ्या जळाल्या होत्या, नकाशे कुणाकडे उरले नव्हते. आता बाहेरच्या कंपन्या सोनं शोधायला येत होत्या आणि कुठली जमीन कुणाला दिली हे सांगू शकेल असं सरकारात कुणी नव्हतं. खाणींचं खातं पुन्हा उभं करायला मदत म्हणून परदेशी पैशावर एक प्रकल्प निघाला. त्यात बिंदुकाकांचे एक जुने वरिष्ठ होते. त्यांना लहान खाणी हिंडलेला, गावात बसून सुनावणी घेतलेला माणूस हवा होता. मुदत एक वर्षाची.

नेमकं त्याच उन्हाळ्यात लीलाकाकूंच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या. काकू मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. सगळ्यांत जुन्या त्याच, म्हणून जागा त्यांच्याकडेच येणार हे शिपायापर्यंत ठाऊक होतं. अडचण होती नानांची. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडून नानांचा एक डोळा गेला होता, आणि दुसऱ्याला नुसत्या सावल्या दिसत. जिना अंधारा, घाटाकडची गल्ली पायऱ्यापायऱ्यांची. दुपारनंतर घरात कुणीतरी हवंच. शिक्षिकेला ते जमत होतं, मुख्याध्यापिकेला जमलं नसतं. बिंदुकाका निदान शनिवार-रविवार तरी घरी असत. आता तेही नसणार.

बिंदुकाकांनी काकूंना विचारलं तेव्हा त्या नळापाशी होत्या. आमच्या गल्लीत पाणी फार थोडा वेळ येई, आणि त्या वेळात बोलणं म्हणजे बादल्या घालवणं. काकांनी दारात उभं राहून सगळं सांगितलं आणि विचारलं, "जाऊ का मग?"

काकूंनी कळशी नळाखालून काढली, दुसरी लावली. म्हणाल्या, "हरकत नाही."

काकांनी जे ऐकलं ते धरून ते गेले. काकूंनी शाळेच्या कमिटीला जमणार नाही म्हणून कळवलं आणि ती जागा त्यांच्याहून सात वर्षांनी लहान असलेल्या बाईंना मिळाली. गल्लीत त्याची चर्चा झाली नाही. चर्चा आफ्रिकेची होती. कोपऱ्यावरचा पानवाला काकांना म्हणाला, "इहाँ साँड़ से बच गइला, बिंदू बाबू, उहाँ शेर से भी बच जइबा." आमच्या गल्लीतल्या बैलांमधून जो रोज वाट काढतो त्याला सिंहाचं काय भय, असा त्याचा हिशेब.

तिकडे सिंह दिसला नाही. पुढे गच्चीवर बसून काकांनी जे सांगितलं त्यात वाटाच जास्त होत्या. त्यांचं काम देशाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात होतं. युद्धात दोन्ही बाजूंनी जमिनीत सुरुंग पेरले होते आणि पेरणाऱ्यांना आता जागा आठवत नव्हत्या. एखादी वाट तपासून सुरक्षित झाली की तिच्या दोन्ही कडांना रंगवलेले दगड मांडत. त्या दगडांच्या आत चालायचं. लघवीलासुद्धा बाहेर पाऊल टाकायचं नाही. काका म्हणाले, आयुष्यभर सुरुंग लावण्याच्या जागा मीच आखून दिल्या, आणि तिथे पाय कुठे ठेवू हे दुसऱ्याला विचारत होतो.

त्यांच्यासोबत तोमास नावाचा शिक्षक दुभाषा म्हणून असे. युद्धाच्या काळात तो सीमेपलीकडे निर्वासितांच्या छावणीत वाढला, तिथे इंग्रजी शिकला. काका इंग्रजीत बोलत, तो तिथल्या भाषेत सांगे. नव्या नियमाप्रमाणे इथल्यासारखंच होतं. झाडाखाली गाव जमवायचं, कोणत्या कंपनीला कुठून कुठपर्यंत जमीन द्यायची ते वाचून दाखवायचं, विरोध आहे का विचारायचं. गावोगाव एकच उत्तर येई. लोक जमिनीकडे बघत आणि म्हणत, काही नाही. कागदावर 'विरोध नाही' असं चढे आणि गाडी पुढच्या गावाला निघे. प्रकल्पाचे साहेब खूश होते. काम झपाट्यानं होत होतं.

एका नदीकाठच्या गावात तेच झालं. त्या नदीच्या वाळूत सोन्याचे कण सापडत. बायका उथळ पाण्यात उभ्या राहून पसरट भांड्यांत वाळू धूत, त्यावर त्यांची घरं चालत. नदीचा तोच पट्टा एका कंपनीला जायचा होता. तोमासनं वाचून दाखवलं, विचारलं. पुढे बसलेली एक म्हातारी हळूच काही बोलली. तोमासनं भाषांतर केलं, "ती म्हणते, काही नाही, चालेल."

"शब्द कळत नव्हते," काका आम्हाला म्हणाले. "सूर कळला. हा सूर मी कुठेतरी ऐकला होता. गाडीत बसेपर्यंत आठवेना."

गाडीत बसल्यावर आठवलं, घरी नळापाशी ऐकला होता. ते खाली उतरले आणि परत झाडाखाली गेले. त्या लोकांनी का नाही म्हणावं? सोळा वर्षं कागद किंवा बंदूक घेऊन जो कुणी आला त्याला नाही म्हणणारे आता त्या झाडाखाली नव्हते. होते ते 'चालेल' म्हणून वाचलेले. काका तोमासला म्हणाले, विरोधाचं सोड. यांना विचार, या जागेत आजवर कुणी काय काय उपद्रव दिला. तोमासला हा प्रश्न विचित्र वाटला, पण त्यानं विचारला.

 मग त्याच म्हातारीनं सुरुवात केली. शिपायांनी एकदा सगळ्यांची भांडी नेली. दुसऱ्या बाजूच्या शिपायांनी होड्या जाळल्या. अमका वरून वाळू उपसतो म्हणून पाणी गढूळ होतं. बोलता बोलता ती गेल्या महिन्यावर आली. कंपनीच्या माणसांनी खुंट्या ठोकल्यात आणि तार ओढलीय. नदीवर जाणारी रंगवलेल्या दगडांची वाट तारेच्या आत गेली. गावात तेवढी एकच वाट तपासलेली होती. तार लागल्यापासून बायका दुसरीकडून, न तपासलेल्या रानातून पाण्याला जात होत्या.

 काका म्हणाले, "आणि तिला ते चालणार होतं."

त्यांनी हद्द हलवली. वाट बाहेर काढली, वाट आणि उथळ पाणी गावाकडे ठेवलं. कंपनी कुरकुरली, साहेबही कुरकुरले, कारण आता आधीची गावंही पुन्हा विचारावी लागणार होती. पण तारेच्या आतली वाट साहेबांनी स्वतः येऊन पाहिली, आणि नंतर काकांना म्हणाले की सुनावणी कशी घ्यायची याची रीतच तुम्ही बसवून द्या, इथल्या पोरांना शिकवा. त्यासाठी आणखी दोन वर्षं या.

शहाण्णवच्या जूनमध्ये काका रजेवर घरी आले ते हे घेऊन. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं.

आणि घरी आणखी एका उत्तराची तीच तारीख होती. शाळेच्या कमिटीनं अकरावी-बारावीचे वर्ग काढायचं ठरवलं होतं. आमच्या बाजूच्या बऱ्याच मुलींची शाळा दहावीनंतर सुटे, कारण पुढचं कॉलेज लांब. या नव्या वर्गांची सगळी जबाबदारी लीलाकाकूंनी घ्यावी असं कमिटीला वाटत होतं. वेळ सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत. काकूंनी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्याच शाळेत शिकत होते, मला तिथे कळलं होतं. काकांना रामनगरहून त्यांच्या बहिणीनं, पद्माआत्यानं सांगितलं, तेही काकांना ठाऊक असेल असं समजून.

पुढचं मला काकूंनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. संध्याकाळ होती, त्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होत्या. काकांनी दोन वर्षांचं बोलावणं आल्याचं सांगितलं. काकूंनी चादरीची दोन टोकं जुळवली. "हरकत नाही," त्या म्हणाल्या.

 काकांनी चादरीची दुसरी बाजू धरली, दोघांनी घडी घातली. मग ते म्हणाले, "तसं नको, लीला. मला असं सांग, या घरात आजवर कुणाकुणाच्या काय काय हरकती झाल्या?"

"म्हणजे?"

"हिंदीतल्या."

काकूंना आधी ती थट्टा वाटली. त्याच सुरात त्यांनी सुरुवात केली. नाना बातम्यांना रेडिओ एवढा मोठा लावतात की मणिकर्णिकेच्या चितांवरचे उठून बसतील. तुम्ही मिर्झापूरहून आलात की चपला तुळशीपाशी झटकता. पद्मावन्सं दर वेळी लोणचं मागतात आणि बरणी परत करत नाहीत. काका ऐकत राहिले. मध्ये बोलले नाहीत, हसलेही नाहीत. त्यामुळे काकूंचा सूर हळूहळू खाली आला.

"गेल्या वर्षी मला मुख्याध्यापिका व्हायचं होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"पाणी जायची वेळ झाली होती. दोन वाक्यं बोलायला सवड नव्हती. एक बोलले, तेच तुम्ही उचललंत."

 काकूंनी उरलेले कपडे काढून घड्या केल्या. मग काका म्हणाले, "मी जात नाही. तू बारावीचे वर्ग घे."

यावर काकू चिडल्या. त्यांना चिडलेलं मी कधी पाहिलं नाही, पण त्या स्वतःच म्हणाल्या, चिडले. "हा निकालही तुम्ही परस्परच दिलात," त्या म्हणाल्या. "सुनावणी झाली कुठे? तिकडे त्या बायकांची वाट तुम्ही मोकळी केलीत, आता पुढचं कोण करणार ते कोण सांगेल? आणि तुम्ही इथे थांबून होणार काय? सोमवार ते शनिवार मिर्झापूर. नानांपाशी तेव्हाही मीच."

ते खरंच होतं. काकांच्या राहण्या-जाण्यानं दुपार कुणाचीच मोकळी होत नव्हती.

दोघं खाली आले. नाना खिडकीशी बसले होते. काकांनी थोडक्यात सगळं सांगितलं आणि सवयीनं विचारलं, "नाना, तुमची काही हरकत?"

"माझी कसली हरकत. मला दिसत नाही, मी हलतो कुठे."

काकू म्हणाल्या, हे मराठीतलं झालं. मग काकांनी दुसऱ्या रीतीनं विचारलं, तुम्हाला इथे काय काय सोसावं लागतं.  नानांना कुणी असं विचारलं नव्हतं. ते म्हणाले की जिना सोसावा लागतो. दोन वर्षांत ते उन्हात एकटे उभे राहिले नाहीत. कुणीतरी हात धरून नेतं आणि ज्यानं नेलं त्याला परत यायची घाई असते. आणि पद्मा त्यांना रामनगरला न्यायला केव्हाची तयार आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

"पण नाना," काका म्हणाले, "ते रामनगर."

काशीच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गंगेच्या या काठाला मेलं की मोक्ष, आणि त्या काठाला, व्यासकाशीत मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा. चार पिढ्या काशीत राहिलेल्या शास्त्र्याला म्हातारपणी पलीकडे नेऊन ठेवायचं, ही गोष्ट घरात कुणाच्या तोंडून निघण्यासारखी नव्हती. त्यात लेकीचं घर, म्हणजे तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही अशी रीत. म्हणून पद्माआत्या विचारत नव्हती, आणि इकडे तर विचार करायचंही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"ठाऊक आहे मला ते रामनगर," नाना म्हणाले. "चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं मी. गाढवांची मला सवय आहे."

काकू हसल्या. काकांना हसावं की नाही कळेना.

"काशीत मरायची सोय चांगली आहे," नाना पुढे म्हणाले. "पण पद्माकडे अंगण आहे. भिंतीला हात लावून चारही बाजू फिरता येतात. लेकीकडे फुकट खायचं नसेल तर तिच्या गल्लीतल्या मुलांकडून शब्दरूपं घोकून घेईन. गाढव होईन, हरकत नाही. ही हरकत मराठीतली, आणि खरी."

मग त्यांनी एक सूचना केली. पद्माआत्याचे यजमान यज्ञेशराव बँकेत होते. त्यांना 'तुमची ना आहे का' असं विचारू नका, बँकेतला माणूस आधी नाहीच म्हणतो, असं नानांचं म्हणणं पडलं. काका रविवारी रामनगरला गेले आणि यज्ञेशरावांना त्यांच्या तक्रारी विचारल्या. पहिलीच तक्रार निघाली ती दर आठवड्याला बायकोला वडिलांकडे पोचवायला पूल ओलांडावा लागतो ही.

राहिली काकूंची हरकत. नानांची सोय लागली, वर्ग घ्यायचं ठरलं, तेव्हा काकांना वाटलं झालं सगळं. काकूंनी त्यांना जेवताना सांगितलं, "माझी हरकत आहेच. वर्षभर मी पान मांडून नानांना वाढत होते, आणि माझ्या पानासमोर कुणी नसायचं. आता तर नानाही नसतील. तुम्ही जा. पण हरकत नव्हती असं समजून जाऊ नका."

"मग काय करू?"

"दोन नाही. एकच वर्ष."

काकांनी तसं कळवलं. साहेब नाराज झाले, पण एका वर्षावर तयार झाले.

त्या वर्षी जुलैत अकरावीचा वर्ग सुरू झाला तो शाळेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत. पाऊस आला की काकूंना ओरडून शिकवावं लागे. मुली सुरुवातीला थोड्या होत्या, दिवाळीनंतर वाढल्या. पालक भेटायला आले की काकू त्यांना 'मुलीला पुढे शिकवायला काही अडचण आहे का' असं विचारत नसत. मुलगी घरात काय काय काम करते, ते विचारत. त्यातून अडचण आपोआप बाहेर येई. ही रीत कुठून आली हे आम्हा दोन-तीन घरांनाच ठाऊक होतं.

नाना रामनगरला अंगणात फिरत. गल्लीतली मुलं सायंकाळी येऊन रामः रामौ रामाः म्हणत, आणि एखाद्याचं चुकलं की नाना त्याला आपल्या पुढच्या जन्मीच्या आप्तांत जमा करत.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात काका परत आले. तिकडच्या खात्यानं सुनावणीची जी पद्धत ठरवली तिच्यात त्यांच्या दोन गोष्टी आल्या. एक, लोकांची संमती विचारण्याआधी त्या जागेवर आजवर काय काय झालं ते विचारायचं. दुसरी, हद्द आखण्याआधी गावातल्या बायकांबरोबर त्यांच्या रोजच्या वाटांनी चालून यायचं. ती पुढे किती पाळली गेली हे त्यांना माहीत नाही. साहेब बदलला की रीत बदलते, हे ते मिर्झापूरला शिकलेले होते. तोमास मात्र खात्यात कायम झाला होता.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत नाना अंथरुणाला खिळले. श्वास लागायचा, जेवण सुटलं. पद्माआत्याचा निरोप आला आणि गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं की शास्त्रीजींना आता लगेच या काठाला आणायचं. नाव कुणाची, पायऱ्यांवरून वर कोण नेणार, हेही ठरलं. मरताना माणसाला व्यासकाशीत ठेवतं कोण?

काका रामनगरला गेले. सोबत मी होते, आईनं नानांसाठी पेज दिली होती ती घेऊन. नाना डोळे मिटून पडले होते. काका त्यांच्या उशाशी बसले आणि म्हणाले की न्यायची तयारी झाली आहे, पण तुम्हाला विचारायला आलो.

नानांनी डोळे उघडले नाहीत. "लीलाला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

 खोलीत पद्माआत्या होती, यज्ञेशराव होते. दुसऱ्या कुठल्या मुलानं या वेळी खोटं सांगितलं असतं, आणि त्यात वावगंही काही नव्हतं.

"हरकत आहे म्हणाली," काका म्हणाले. "तिच्या मुलींची बारावीची पहिली परीक्षा आहे. आत्ता आणलं तर तिला सुट्टी घ्यावी लागेल, आणि वर्गाला दुसरं कुणी नाही. परीक्षा होईपर्यंत थांबा म्हणाली."

पद्माआत्यानं पदर तोंडाला लावला. नानांची छाती हलायला लागली. आम्हाला वाटलं श्वास लागला. ते हसत होते.

"शेवटचा पेपर कुठला?"

"भूगोल. एप्रिलमध्ये."

"बरं. भूगोल सुटला की मग मी सुटेन," नाना म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पेज मागितली.

ते थांबले. डॉक्टरांना ते पटलं नाही, पण थांबले. भूगोलाच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना रामनगरच्या घाटावरून नावेत निजवून आणलं. प्रवाहाची दिशा आमच्याकडेच होती, वल्ही फारशी मारावी लागली नाहीत. काका उशाशी, काकू पायाशी बसल्या होत्या. पंचगंगेला नाव लागली तेव्हा गल्लीतले चौघे खुर्ची घेऊन उभे होते. पायऱ्या चढ्या, ऊन वाढत चाललेलं, त्यांना घाई होती. काकांनी त्यांना हातानं थांबवलं, कारण नाना काहीतरी विचारत होते.

काकू वाकल्या.

"पेपर कसा होता?"

"सोपा होता, नाना," काकू म्हणाल्या. "नकाशा तेवढा अवघड होता."

नानांनी मान हलवली. मग त्यांना खुर्चीत बसवलं.